मेस्त्रींची मजुरी

मेस्त्री गेले त्याच्या तेराव्या दिवशी हॅरोमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चार-पाच जण बोलले आणि शेवटी डॉ. देवस्थळी उठले. हे आमच्या मंडळाचे माजी अध्यक्ष, निवृत्त कन्सल्टंट, आवाज अजून खणखणीत. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या स्टॅनमोरच्या घराचं मागचं सगळं काम मेस्त्रींनी केलं आणि मजुरीची एक पेनी घेतली नाही. इतका निर्लोभी माणूस आपण पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. पहिल्या रांगेत मेस्त्रींची बायको, सुलभावहिनी, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होतो. हॉलमध्ये सव्वाशे माणसं असतील. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांतल्या दोघांनाच खरं माहीत होतं. एक जण माइकवर होता आणि दुसरा आपल्या काठीच्या मुठीकडे बघत बसला होता.

खरं असं आहे, की मजुरी ठरली होती. वीस हजार पौंड. देवस्थळींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या टेबलापाशी, माझ्या समोर ठरली होती. हे मी कोर्टात सांगायला हवं होतं, तिथे सांगितलं नाही. त्या हॉलमध्ये सांगायला हवं होतं, तिथेही सांगितलं नाही. माझं वय आता एक्क्याऐंशी आहे. डॉक्टर हे वाचतील, त्यांची मुलं वाचतील, मंडळातले सगळे वाचतील. वाचावं म्हणूनच लिहितो आहे. मेस्त्रींना दया-क्षमेचं फारसं काही वाटत नसे. आणि या बाबतीत मलाही वाटत नाही, डॉक्टरांबद्दलही नाही आणि माझ्याबद्दलही नाही.

नाव सखाराम, आडनाव मेस्त्री, गाव कुडाळजवळ. धंदाही सुतारकीचाच, त्यामुळे आडनाव, धंदा आणि हाक, तिन्ही एकाच शब्दात भागत. सुलभावहिनी मुंबईहून नर्स म्हणून इथल्या हॉस्पिटलात आल्या आणि त्यांच्या व्हिसावर हे आले. त्याआधी बहारीनला जहाजांच्या केबिनमधलं लाकूडकाम केलेलं. इथे काही वर्षं दुसऱ्या बिल्डरकडे राबले आणि मग स्वतःची पांढरी व्हॅन घेतली. मी कौन्सिलमध्ये बिल्डिंग इन्स्पेक्टर होतो. एका घराच्या माळ्यावर काढलेल्या खोलीच्या तपासणीला गेलो असताना जिन्यावरची उंची कमी वाटली म्हणून मी टेप काढला. वरून मराठीत आवाज आला, "दोन सूत जास्तच आहे साहेब, मोजा खुशाल." मोजलं. दोन सूत जास्तच होतं. माझ्या तोंडावरून मी मराठी आहे हे त्यांनी कसं ओळखलं, ते मला अखेरपर्यंत कळलं नाही.

मिलिमीटर त्यांना येत होते, पण त्यांचा विश्वास सुतावर. इंचाचा आठवा भाग. त्यांच्या हाताखाली मारेक नावाचा पोलिश गडी होता, तोही 'दोन सूत', 'अर्धा सूत' म्हणायला लागला होता आणि ते इंग्रजी माप आहे अशी त्याची समजूत होती.

कुणाच्याही घरी गेले, की मेस्त्री आधी दार दोनदा उघडून मिटवत. घरच्यांना वाटे, हे आल्या आल्या परत निघाले की काय. दार घासत असेल तर त्यांना चहा गोड लागत नसे. खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून बघत. एकदा एका लग्नात, चांगल्या हॉटेलात, आमचं टेबल डुगडुगत होतं. मेस्त्री नव्या सुटात होते. ते टेबलाखाली गेले ते सूप येऊन निवलं तरी बाहेर आले नाहीत. नवरीच्या मामांनी मला हळूच विचारलं, यांना काही औषध चालू आहे का.

हे सगळं गमतीचं. त्यांच्या स्वभावात दुसरी एक गोष्ट होती, ती गमतीची नव्हती. ते विसरत नसत. आपल्या लोकांत घरकामाचं कागदावर काही ठरत नाही. 'घरचंच समजा', 'आपलाच माणूस', 'होईल हो, मेस्त्री', असं म्हणत चहावर काम सुरू होतं आणि संपता संपता फोन उचलले जात नाहीत. मेस्त्रींना अशांनी खूप बुडवलं. त्यांनी कुठे काही लिहून ठेवलं नाही. फक्त त्या लोकांची नावं बदलली. गणपतीच्या आरतीला ते माझ्या शेजारी उभे राहत आणि टाळ्या वाजवता वाजवता ओठांतल्या ओठांत सांगत, "ते बघा, वेंब्लीचं बाथरूम आलं. आणि त्या दोन खिडक्या. नव्या साडीत आहेत आज दोन खिडक्या." मला हसू आवरत नसे. ते मात्र हसत नसत.

इल्फर्डचा एक घरमालक होता. त्याने मेस्त्रींकडून पूर्ण किचन करून घेतलं, भाडेकरू ठेवला आणि पैशांचं नाव काढेना. मेस्त्री एका सकाळी व्हॅन घेऊन गेले, भाडेकरूला गुड मॉर्निंग म्हणाले आणि कपाटांची बाराही दारं उतरवून घेऊन आले. दुपारी त्यांच्या घरी पोलीस. त्यांनी मला फोन केला, कारण सरकारी माणूस म्हणून ते मलाच ओळखत. मी गेलो तेव्हा एक तरुण पोलीस बाई त्यांना शांतपणे समजावत होती, की भिंतीला एकदा बसवलं, की ते घराचं होतं. दारं परत लावून या, नाहीतर मला तुम्हाला घेऊन जावं लागेल.

मेस्त्री मला म्हणाले, "लाकूड माझं. बिजागऱ्या माझ्या. हात माझे. आणि भिंतीला लागलं की त्याचं?"

मी म्हटलं, कायदा तसाच आहे.

ते परत गेले आणि बारा दारं पुन्हा बसवली. पोलीस बाई किचनमध्ये उभी, मालक दारात हाताची घडी घालून. मुद्दाम एखादं वाकडं लावावं असं कुणालाही वाटलं असतं. मेस्त्रींनी प्रत्येक दार दोनदा उघडून मिटवून बघितलं. "वाकडं लावायला हात वळत नाही," एवढंच नंतर म्हणाले आणि त्याचीही त्यांना चीड आली होती.

मी त्यांना कायद्याचा सल्ला फुकट देणाऱ्या एका केंद्रात घेऊन गेलो. तिथल्या पांढऱ्या केसांच्या सॉलिसिटर बाईने सांगितलं, की दारं काढू नका, कोर्टात जा. निकाल मिळवा. महिन्याभरात त्याने पैसे दिले नाहीत, तर पुन्हा अर्ज करून ती रक्कम त्याच्या घरावर चढवा. जमिनीच्या सरकारी नोंदणीत त्या घराच्या पानावर तुमचं येणं लागेल. तो घर विकेल तेव्हा आधी तुमचे पैसे, मग त्याचे. मी हे मराठीत सांगू लागलो तोच मेस्त्रींनी मला हाताने थांबवलं. "कळलं. सातबाऱ्यावर बोजा."

त्यांना ते तिथल्या तिथे इतकं नेमकं कळलं, की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. गावाला सोसायटीचं कर्ज थकलं, की सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि तो उतरल्याशिवाय जमीन हलत नाही, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. इथे मात्र पहिल्यांदाच तो बोजा त्यांच्या हातात आला होता. तेव्हापासून इथल्या नोंदणीला ते 'इकडचा सातबारा'च म्हणत. थोडे पौंड भरले, की कुणाच्याही घराचा उतारा मिळतो, हे कळल्यावर तर त्यांचा चेहरा उजळला.

इल्फर्डच्या घरावर बोजा चढला. मालकाने दाद दिली नाही. मेस्त्रींनीही पुन्हा एकदा फोन केला नाही. "घर कुठे पळत नाही," म्हणाले. दर वर्षी खंडेनवमीला ते हत्यारांची पूजा करत. पाटावर रंधे, पटाश्या, करवती, गुण्या ओळीने मांडलेले, झेंडूची फुलं, हळदकुंकू. त्या वर्षापासून त्या ओळीत शेवटी एक प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद दिसू लागला, त्यालाही हळदकुंकू लावलेलं. तो इल्फर्डच्या घराचा ताजा उतारा होता. पुढे आणखी बुडव्यांच्या घरांचे मिळून दोन झाले, मग तीन. सुलभावहिनी चिडायच्या, देवाच्या पाटावर कसले कोर्टाचे कागद, म्हणून. मेस्त्री शांतपणे म्हणत, "हत्यार आहे."

चार वर्षांनी इल्फर्डच्या मालकाला घर विकावं लागलं आणि त्याच्या सॉलिसिटरचं पत्र आलं. पैसे व्याजासकट आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मेस्त्री त्या घरी गेले. नवीन मालक एक तरुण जोडपं होतं. जुन्या मालकाने पैसे थकवल्यावर ओट्याखालची पट्टी बसवायची मेस्त्रींनी सोडून दिली होती. ती बसवून आले. ते जोडपं घाबरून पैसे विचारत होतं. मेस्त्रींनी सांगितलं, पैसे मिळाले, पण काम बाकी होतं.

अशा माणसाला मी देवस्थळींकडे घेऊन गेलो. मीच शिफारस केली. डॉक्टरांना मागे मोठी खोली काढायची होती, वर जाणारा नवा जिना आणि एका कोपऱ्यात सागवानी देवघर. सामान डॉक्टरांनी थेट विकत घ्यायचं, मजुरीचे वीस हजार काम संपल्यावर द्यायचे, असं ठरलं. मेस्त्री म्हणाले, कागदावर घेऊ या का. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "अहो, इन्स्पेक्टर साक्षीला आहेत. आणखी कसला कागद?" मीही हसलो. त्या कामाचं पुढे जे झालं, त्यातला माझा पहिला वाटा हा.

सात महिने काम चाललं. त्याच काळात सुलभावहिनींना कॅन्सर निघाला. उपचार त्यांच्याच हॉस्पिटलात होते. डॉक्टर तिथेच कन्सल्टंट होते, त्यांनी एक-दोन फोन केले, तारीख लवकर मिळाली. हे मी नाकारत नाही. मेस्त्रींनीही कधी नाकारलं नाही. ते सकाळी बायकोला केमोसाठी सोडत, स्टॅनमोरला येऊन काम करत, दुपारी तिला घरी नेत आणि परत येत. तो जिना तुम्ही जाऊन बघा. डॉक्टर दाखवतील, त्यांना दाखवायला आवडतं.

वास्तुशांतीला ऐंशी माणसं होती. सत्यनारायण झाला, जेवणाआधी डॉक्टरांनी मेस्त्रींना पुढे बोलावलं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि बोलायला लागले. या माणसाने मजुरी म्हणून एक पेनी घेतली नाही. मी म्हटलं, अहो मेस्त्री, असं कसं. तर म्हणतात, डॉक्टर, तुम्ही माझ्या बायकोला वाचवलंत, तुमच्या घराला लागलेला हात हा सेवेचा हात समजा. टाळ्या झाल्या. कुणीतरी व्हिडिओ घेत होतं.

मेस्त्री मोज्यांवर उभे होते, नारळ दोन्ही हातांत धरून. मी त्यांचा चेहरा बघितला. ते डॉक्टरांकडे बघत नव्हते. ते समोर बघत होते. तिथे भिंतीपाशी सुलभावहिनी डोक्याला रुमाल बांधून खुर्चीवर बसल्या होत्या, ऐंशी माणसं त्यांच्याकडे वळून वळून बघत होती, कुणी डोळे पुसत होतं. 'हे खोटं आहे' म्हणायचं तर बायकोच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, की तुझ्या जिवासाठी मी एवढंही सोडलेलं नाही. मेस्त्रींनी मान खाली घातली. व्हिडिओत ती मान होकाराची दिसते.

चार दिवसांनी ते मजुरी मागायला गेले. डॉक्टर म्हणाले, "काय मेस्त्री, ऐंशी लोकांसमोर दिलेला शब्द फिरवता?"

मेस्त्री कोर्टात गेले. साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. मला विचारायला आले तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. "साहेब, तुम्ही समोर होतात, तेवढं सांगा म्हणजे झालं." मी म्हटलं, सांगीन.

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. माझी नात तेव्हा मेडिकलला अर्ज करणार होती. इथे त्यासाठी हॉस्पिटलातल्या कामाचा थोडा अनुभव लागतो, आणि तो ओळखीशिवाय मिळणं कठीण असतं. डॉक्टरांनी तिला दोन आठवडे स्वतःच्या वॉर्डात घ्यायचं कबूल केलं होतं. फोनवर त्यांनी आधी तिच्या तारखा पक्क्या केल्या. मग म्हणाले, "तुम्हाला इतक्या जुन्या गोष्टी कशा आठवणार, या वयात? आठवत नाही म्हणण्यात खोटं काय आहे?" एवढंच. धमकी नाही, काही नाही. नात आज साउथहॅम्प्टनला डॉक्टर आहे. तिला हे माहीत नाही. आता होईल.

कोर्टात मला विचारलं, मजुरीचा आकडा ठरला होता का. मी म्हणालो, बोलणं झालं होतं, आकडा मला आठवत नाही. बत्तीस वर्षं मी इंच न् इंच लिहून ठेवण्याची नोकरी केली होती. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलंही नाही. जजने त्यांना विचारलं, तुमचं वीस हजारांचं येणं होतं, तर त्या समारंभात तुम्ही बोलला का नाहीत? मेस्त्री म्हणाले, "माझी बायको समोर बसली होती." जजने ते लिहून घेतलं. त्या वाक्याचं त्यांना काय करता येणार होतं? व्हिडिओ होता, माझी साक्ष होती. मजुरीचा दावा गेला.

पण एक छोटी गोष्ट राहिली. देवघराला दारं लावायची डॉक्टरांच्या बायकोने मागाहून ठरवलं होतं. ती तेव्हा पितळी घंटा आणि समया घ्यायला पुण्याला गेली होती, म्हणून हे बोलणं टेबलापाशी न होता फोनवरच्या मेसेजमध्ये झालं. 'मेस्त्री, देवघराला दारं हवीत, वेगळे किती?' 'चौदाशे.' 'ओके, लावून टाका.' तेवढे चौदाशे आणि कोर्टाचा खर्च जजने मेस्त्रींना दिला.

डॉक्टरांनी ते भरले नाहीत. विसरले नाहीत, भरले नाहीत. "चिल्लर मागायला येईल ना दारात, तेव्हा देऊ," असं मला सांगून हसले. मेस्त्री दारात गेले नाहीत. महिना संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज टाकला, आणि स्टॅनमोरच्या त्या घराच्या उताऱ्यावर चौदाशे आणि काही पौंडांचा बोजा चढला. त्या खंडेनवमीला मला बोलावणं नव्हतं. तो कागद पाटावर सगळ्यांत पुढे, रंध्याच्याही आधी होता, असं मारेककडून कळलं.

मला मात्र त्यांनी टाळलं नाही. मंडळात भेटत, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारत, "काय साक्षीदार, बरे आहात ना?" साहेब म्हणणं त्या दिवसापासून बंद. लोकांना वाटे, काहीतरी जुनी थट्टा आहे. मी हसत असे. मी हसलो नाही तर लोक विचारतील, ही भीती होती. मेस्त्रींना हे पक्कं माहीत होतं, म्हणून ते कधीच एकटं गाठून बोलत नसत. माणसं जमली, की मगच.

तीन वर्षांनी डॉक्टरांनी घर विकायला काढलं. पुण्याला मोठा फ्लॅट बघून ठेवला होता, तिथले हप्ते ठरले होते. गिऱ्हाईक मिळालं, दारात 'विकलं' असा बोर्ड लागला, आणि सॉलिसिटरांना उताऱ्यावर बोजा दिसला. चौदाशे पौंड आणि खर्च भरला असता तर आठवड्यात प्रकरण मिटलं असतं. त्यांच्या सॉलिसिटरने तसंच सांगितलं. पण तोवर ही गोष्ट डॉक्टरांच्या डोक्यात गेली होती. एका सुताराचं नाव माझ्या घराच्या कागदावर? त्यांनी तो बोजाच चुकीचा आहे म्हणून कोर्टात अर्ज केला. त्यात महिने गेले. गिऱ्हाईक कंटाळलं आणि दुसरीकडे गेलं.

तेव्हा डॉक्टरांनी मला मेस्त्रींकडे पाठवलं. तुमचं ऐकेल तो, म्हणाले. मी गेलोही, हे मला आज आठवलं की लाज वाटते. सुलभावहिनींनी दार उघडलं, केस परत आले होते, तब्येत बरी होती. मेस्त्री टेबलापाशी पटाशीला धार लावत होते. मी निरोप सांगितला, पूर्ण रक्कम देतो, वर पाचशे देतो, कागदावर सही करा. ते धार लावत राहिले. मग वहिनींना हाक मारून समोर बसवलं आणि मला म्हणाले, "इथे कोर्ट नाही. कोण लिहून घेत नाही. हिच्यासमोर सांगा, मजुरी किती ठरली होती? तेवढं सांगा, आत्ता सही करतो. पाचशेही नकोत."

दोघं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, जाऊ द्या ना मेस्त्री आता, सगळ्यांचंच वय झालं.

त्यांनी पटाशी खाली ठेवली. पुढचं ते मालवणीत बोलले, एरवी माझ्याशी कधी बोलत नसत. "माका सगळा आठवता. चहात साखर किती होती ता पण आठवता. जावा तुम्ही."

पुढल्या आठवड्यात मारेक सांगत होता, की मेस्त्रींनी स्टॅनमोरला जाऊन डॉक्टरांच्या घरासमोर व्हॅन लावली आणि 'विकलं'चा बोर्ड काढून पुन्हा 'विकणे आहे'चा लागेपर्यंत तिथे बसून राहिले. परत येताना पेढे आणले आणि कामावरच्या सगळ्यांना वाटले. विचारलं कशाचे, तर म्हणाले, बोर्ड बदलला. डॉक्टरांचं घर पुढच्या वर्षभरातही विकलं गेलं नाही, भाव उतरले, पुण्याचा फ्लॅट हातचा गेला. शेवटी चौदाशे खर्चासकट भरले, मेस्त्रींनी सही केली. तोवर डॉक्टरांनी विकायचा नाद सोडला होता. ते अजून त्याच घरात, त्याच जिन्याने वर-खाली करतात. या सगळ्याने मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. जे मी केलं नाही ते चौदाशे पौंडांनी थोडंफार केलं.

वीस हजार मात्र बुडाले, आणि खोटं तसंच राहिलं.

शोकसभेनंतर मी एका सॉलिसिटरसमोर खरं काय ते लिहून सही केली आणि कागद सुलभावहिनींना नेऊन दिला. त्यांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला. म्हणाल्या, "मला माहीत होतं हो. काम घेतलं त्याच दिवशी त्यांनी मला आकडा सांगितला होता. त्या वास्तुशांतीला मीही बोलले नाही. आजारी होते, पण मुकी नव्हते." मग कागदाची घडी घालून म्हणाल्या, "त्यांना तो आकडा तुमच्या तोंडून ऐकायचा होता. दोन वेळा विचारलं त्यांनी तुम्हाला." मला वाटलं त्या कागद परत देतील. त्यांनी तो ठेवून घेतला आणि म्हणाल्या, याच्या प्रती काढून मंडळात वाटणार आहे. मी म्हटलं, वाटा.

मेस्त्रींना मी शेवटचं पाहिलं ते ते जायच्या वर्षभर आधी. मी घरात जिन्यावरून पडलो होतो. हॉस्पिटलने सांगितलं, भिंतीच्या बाजूने धरायला दांडा बसवा, त्याशिवाय वर जायचं नाही. कौन्सिलची यादी लांबलचक, आणि एवढ्याशा कामाला कुणी येईना. माझ्या मुलाने मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, कुणाच्या ओळखीचा सुतार आहे का. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पांढरी व्हॅन.

मेस्त्री आत आले. दार दोनदा उघडून मिटवलं नाही. मला जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं केलं आणि म्हणाले, धरा. काय धरू? हवेत धरा, पडायला लागलात तर हात कुठे जाईल तिथे. मी हवेत मूठ धरली, त्यांनी तिथे भिंतीवर खूण केली. प्रत्येक पायरीवर तसंच. मग बाहेर व्हॅनपाशी त्यांनी ओकचं लाकूड घासून घासून माझ्या मुठीत बसेल एवढं गोल केलं, दोनदा आत येऊन माझ्या तळहातात धरून बघितलं. दुपारपर्यंत काम चाललं. मी चहा विचारला, नको म्हणाले. पाणी विचारलं, तेही नको म्हणाले. सकाळपासून त्यांनी माझ्या घरातलं काही तोंडात घातलं नाही.

काम संपल्यावर मी पाकीट काढलं आणि विचारलं, किती झाले.

"नको," मेस्त्री म्हणाले. "मी एका घराची मजुरी घेतली नाही असं लोक म्हणतात ना? ते घर हे असू दे."

मी काहीतरी बोलायला लागलो, पण ते हत्यारं उचलून बाहेर गेले होते. मी नव्या दांड्याला धरून जिन्यावरच्या खिडकीपाशी गेलो. वाटलं, व्हॅन सुरू होईल. झाली नाही. त्यांनी पुढच्या सीटवर बसून, माझ्या दाराच्या अगदी समोर, डबा उघडला. भाकरी आणि सुकं होतं काहीतरी. काच खाली केलेली होती. त्यांनी सावकाश जेवण केलं, बाटलीतलं स्वतःचं पाणी प्यायले, खिडकीतून हात बाहेर काढून धुतला. वर एकदाही बघितलं नाही. मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. डब्याचं झाकण लावून, फडक्याने पुसून, तो शेजारच्या सीटवर ठेवला आणि मगच ते गेले.